परीक्षेस बसलेलीं यंत्रें



'उत्क्रांतीच्या रीतीनें ओळख पटविणाऱ्या आज्ञावल्यांची पैदास' असें आजच्या विषयाचें नांव ऐकून आपल्यापैकीं कांहींचा हात रेडिओच्या कळीकडे गेला असल्यास मी त्यांना दोष देणार नाहीं. मी मॅट्रिक झालेला, आणि आयुष्य मराठी शाळेंत पाढे व शुद्धलेखन शिकविण्यांत घालविलेला मनुष्य आहें. या विषयांतलें उच्च गणित सांगण्याचा माझा अधिकार नाहीं, आणि तें मी सांगणारहि नाहीं. परंतु या शास्त्राचा जो गाभा आहे तो मास्तरांच्या चांगल्या परिचयाचा आहे. तेथें शेंकडों उमेदवारांना परीक्षेस बसवितात, गुण देतात, थोड्यांना वर चढवितात आणि बाकीच्यांना घरीं पाठवितात. फरक इतकाच कीं, हे उमेदवार मुलें नसून संगणकाच्या आज्ञावल्या असतात, आणि वर चढलेल्यांचाच पुढें वंश चालतो.

प्रथम 'ओळखणें' म्हणजे काय तें पाहूं. आपण ही क्रिया इतक्या सहज करतों कीं, ती क्रिया आहे हेंच आपल्या ध्यानांत येत नाहीं. टपालाचें उदाहरण घ्या. गोरेगांव हें नांव पाकिटावर लिहिलें म्हणजे पत्र आमच्याच गोरेगांवीं येईल असा भरंवसा नाहीं. रायगड जिल्ह्यांत माणगांवजवळ एक गोरेगांव आहे, गोंदियाकडे दुसरें आहे. हा घोटाळा टाळण्यासाठीं १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा आंकडी पिनकोड सुरू झाला. त्याची योजना करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे कोंकणचे सुपुत्र, टपालखात्याचे वरिष्ठ अधिकारी आणि शिवाय संस्कृत नाटककार. आमच्या गोरेगांव पूर्वेच्या वांट्याला ४०००६३ हा आंकडा आला. पत्ता कोणत्याहि भाषेंत असो, आंकडा वाचला कीं काम झालें. पण आंकडा वाचावयाचा कोणीं? माणसाचे डोळे वाचतात. यंत्राला वाचावयास लावणें ही निराळी गोष्ट आहे. देवनागरींत कोणाचा एक आणि नऊ जुळ्या भावांसारखे दिसतात, कोणाच्या पांचाचें पोट इतकें फुगतें कीं तो चार होऊं पाहतो. हजारों वह्या तपासल्यावर मास्तर तें बिनचूक वाचतो; परंतु 'तुम्हीं तें कशावरून ओळखलें?' असें विचारल्यास त्याला सांगतां येत नाहीं. आणि जें आपल्याला सांगतां येत नाहीं तें यंत्राला कसें सांगावयाचें?

यावर दोन मार्ग निघाले. पहिला मार्ग व्याकरणाचा. आपल्या मुंबईंत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं देशी बनावटीचा मोठा संगणक सुरू झाला. तें काम ज्यांच्या नेतृत्वाखालीं झालें ते आर्. नरसिंहन् पुढें अमेरिकेंत इलिनॉय विद्यापीठांत जाऊन याच ओळखीच्या प्रश्नाकडे वळले. चित्राला वाक्य समजावें, त्यांतल्या रेघा, वळणें आणि गांठी यांना शब्द समजावें, आणि ते शब्द कसे जुळतात याचें व्याकरण यंत्राला द्यावें, असा त्यांचा विचार. हातानें लिहिलेलीं इंग्रजी अक्षरें या रीतीनें ओळखण्यावर त्यांनीं मुंबईस परतल्यावर काम केलें. मला स्वतःला हा मार्ग मनापासून आवडतो. त्यांत माणूस आधीं स्वतः समजून घेतो आणि मग यंत्राला समजावितो. अडचण एवढीच कीं, लेखकाच्या हाताला व्याकरणाचा धाक नसतो. प्रत्येक नवें वळण आलें कीं नवा नियम लिहावा लागतो, आणि नियमांचे अपवाद नियमांहून अधिक होतात.

दुसरा मार्ग गोठ्यांतला आहे. म्हशीच्या अंगीं दूध कसें तयार होतें हें गवळ्याला ठाऊक नसतें. तो माप लावतो, भरपूर दूध देणारीची पारडी राखतो, चांगल्या वाणाच्या रेड्याकडून तिला गाभण करवितो, आणि कांहीं पिढ्यांनीं त्याच्या गोठ्याचें रूप पालटतें. कारण न समजतां सुधारणा, हें या मार्गाचें वैशिष्ट्य.

संगणकांत म्हशीच्या जागीं अंकांची एक माळ असते. कागदावर काढलेल्या आंकड्याचें चित्र अठ्ठावीस उभ्या आणि अठ्ठावीस आडव्या रांगांच्या चौकोनांत, म्हणजे ७८४ घरांत मांडावें, आणि कोणत्या घराच्या काळेपणाला किती महत्त्व द्यावें तें या माळेंतल्या अंकांनीं ठरवावें, अशी कल्पना करा. आरंभीं अशा शंभर माळा अगदीं डोळे मिटून भरतात. अर्थात् पहिली पिढी ढ निघते. दहा आंकड्यांपैकीं एक ओळखावयाचा तर नुसत्या अंदाजानेंहि शंभरांत दहा उत्तरें बरोबर येतात. पण कोणाचीं बारा आलेलीं असतात, कोणाचीं तेरा. त्या बारा-तेरावाल्यांना निवडावें. एकीच्या माळेचा पुढचा तुकडा आणि दुसरीच्या माळेचा मागचा तुकडा जोडून नवी माळ करावी. याला संकर म्हणतात. मग क्वचित् एखादा अंक सहज बदलून टाकावा, हें उत्परिवर्तन. नव्या शंभरांची पुन्हा परीक्षा घ्यावी. असें शेंकडों वेळां केलें कीं गुण हळूहळू चढूं लागतात.

ही कल्पना फार जुनी आहे. अॅलन ट्यूरिंग या इंग्रज गणितज्ञानें १९५० सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधांत सुचविलें होतें कीं, प्रौढ माणसाच्या बुद्धीचें यंत्र एकदम घडविण्यापेक्षां बाल-यंत्र करावें आणि त्याला शिकवावें. तें बालक बरें निघेपर्यंत निरनिराळीं करून पाहावीं. त्यांतले बदल म्हणजे उत्परिवर्तनें आणि प्रयोग करणाराचा निवाडा म्हणजे निसर्गाची निवड. त्याच निबंधांत त्यानें आणखी एक गोष्ट म्हटली आहे, ती कोणत्याहि शिक्षकाला टोंचेल : अशा विद्यार्थ्याच्या डोक्यांत नेमकें काय चाललें आहे याचा त्याच्या गुरूला बहुतेक पत्ताच नसतो. पुढें मिशिगन विद्यापीठाच्या जॉन हॉलंड यांनीं १९७५ सालीं या रीतीला शास्त्राचें रूप दिलें. १९९२ सालीं जॉन कोझा यांनीं एका मोठ्या ग्रंथांत दाखविलें कीं अंकांच्या माळेऐवजीं संबंध आज्ञावलीच झाडासारखी मांडतां येते, आणि एका झाडाची फांदी दुसऱ्यावर बसवून नवी आज्ञावली निपजवितां येते. हापूसचें कलम बांधणाऱ्या रत्नागिरीच्या माणसाला हें लगेच पटेल. मात्र कलमाचा गुण कोयींत खात्रीनें उतरत नाहीं, आणि येथें तो उतरतो, हा भेद त्यानें लक्षांत ठेवावा.

आपल्या देशांत या विषयावर डॉक्टरेटच्या पदवीसाठीं जें संशोधन झालें त्यांत कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेंतलें संघमित्रा बंद्योपाध्याय यांचें काम मला सांगण्याजोगें वाटतें. महालनोबिसांनीं १९३१ सालीं स्थापिलेली ही संस्था. बंद्योपाध्यायबाई पुढें २०१५ सालीं तिच्या संचालक झाल्या, आणि त्या पदावरच्या त्या पहिल्या स्त्री. १९९० नंतरच्या दशकांतलें त्यांचें हें काम ढोबळ मानानें असें. समजा, कागदावर लाल आणि निळे ठिपके विखुरले आहेत. सरळ रेघा मारून लाल एकीकडे आणि निळे दुसरीकडे करावयाचे आहेत. रेघ कोठें आणि किती कलती मारावी हें माळेंत लिहावें, चुकीच्या बाजूला पडलेले ठिपके मोजावे, आणि ज्या माळेच्या चुका थोड्या तिचा वंश वाढवावा. पण रेघा किती? येथें खरी मेख आहे. रेघा फारच थोड्या दिल्या तर ठिपके वेगळे होत नाहींत. हव्या तितक्या दिल्या तर आज्ञावली प्रत्येक ठिपक्याभोंवतीं कुंपण घालते, शंभरांत शंभर गुण मिळविते, आणि नवा ठिपका पुढें येतांच गडबडते. म्हणून त्यांनीं माळेची लांबीहि उत्क्रांतीवरच सोंपविली, आणि चुकांच्या बरोबरीनें रेघांची संख्याहि कमी व्हावी अशी अट घातली.

घोकंपट्टी करणारा विद्यार्थी ज्यानें पाहिला आहे त्याला याहून अधिक सांगावयास नको. या शास्त्रांत त्यावरचा दुसरा उपाय शाळेंतलाच आहे : सरावाचे प्रश्न निराळे ठेवावयाचे आणि परीक्षेचे निराळे. हस्तलिखित इंग्रजी आंकड्यांचा जो संग्रह जगभर वापरतात त्यांत ६०,००० नमुने शिकविण्यासाठीं आणि १०,००० परीक्षेसाठीं वेगळे काढलेले आहेत. प्रश्नपत्रिका फुटूं नये म्हणून आपण जी खबरदारी घेतों तीच ही खबरदारी.

परंतु प्रश्नपत्रिका न फुटतांहि विद्यार्थी परीक्षकाला फसवूं शकतो, आणि या बाबतींत या आज्ञावल्यांनीं आमच्या वात्रटांतल्या वात्रट मुलांवर ताण केली आहे. अमेरिकेंत वेस्टली वाइमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं बिघडलेल्या आज्ञावल्या उत्क्रांतीनें दुरुस्त करण्याची रीत काढली. एका आज्ञावलीनें याद्या क्रमवार लावावयाच्या होत्या. परीक्षा अशी कीं, आलेल्या यादींत कोठेंहि क्रम चुकलेला नसावा. निपजलेल्या आज्ञावलीनें काय करावें? ती प्रत्येक वेळीं कोरी यादी परत देऊं लागली. कोऱ्या यादींत क्रम चुकणार कसा! कोऱ्या कागदावर शुद्धलेखनाची एकहि चूक नसते, म्हणून त्याला पूर्ण गुण द्यावयाचे, असाच हा न्याय. दुसऱ्या एका प्रयोगांत खाण्याजोगीं आणि विषारी अळंबीं ओळखावयास शिकवीत होते. गुण उत्तम पडले. मागाहून ध्यानांत आलें कीं, परीक्षेंत एक चांगलें, एक विषारी असा क्रमच लागलेला होता, आणि उमेदवारांनीं अळंबीं ओळखावयास न शिकतां तो क्रम तेवढा उचलला होता. 'चूक कीं बरोबर' या प्रकारच्या प्रश्नांचीं उत्तरें आळीपाळीनें ठेवणाऱ्या आळशी परीक्षकाला मुलें असाच धडा शिकवितात.

सर्वांत चमत्कारिक गोष्ट इंग्लंडांतल्या ससेक्स विद्यापीठांत एड्रियन थॉम्प्सन यांनीं १९९६ सालीं प्रसिद्ध केली. त्यांच्या डॉक्टरेटच्या प्रबंधाचा विषयच उत्क्रांतीनें विजेचीं मंडलें घडविणें हा होता. येथें आज्ञावली कागदावरची नव्हती. विजेच्या चिपवरच्या दहा गुणिले दहा घरांची जोडणी बदलून दोन सूर वेगळे ओळखावयाचे होते, एक सेकंदास हजार कंपनांचा आणि दुसरा दहा हजारांचा. पन्नास उमेदवार, हजारों पिढ्या. शेवटीं यंत्र बिनचूक सूर सांगूं लागलें. आंत उघडून पाहावें तों जोडणी कोणाला उलगडेना. कांहीं घरें उत्तराच्या वाटेशीं जोडलेलींच नव्हतीं. पण तीं बंद केलीं कीं ओळख बिघडे. त्या एका चिपचे, त्या एका कोंपऱ्याचे बारीकसारीक गुणधर्म या उमेदवारानें कामास लावले होते, आणि तीच जोडणी दुसरीकडे नेली कीं तिचें काम तितकें चांगलें होत नसे. ट्यूरिंगचें भाकित शब्दशः खरें ठरलें. कांहीं लोक ही हकीकत यंत्राच्या हुशारीचें कौतुक म्हणून सांगतात. मला तींत परीक्षेचें अपुरेंपण दिसतें : परीक्षा एकाच चिपवर, एकाच खोलींत झाली, आणि 'दुसऱ्या चिपवरहि चाल' असें तींत कोणीं म्हटलें नव्हतें.

माप चुकलें म्हणजे निवड कशी उलटते याचें याहून कडू उदाहरण आमच्या गोरेगांवाच्या इतिहासांतच आहे. आरे दूध वसाहत १९४९ सालीं दारा खुरोडी यांच्या पुढाकारानें उभी राहिली, ती शहरांतले म्हशींचे गोठे बाहेर न्यावे म्हणून. त्यापूर्वीं काय चालत असे? गुजरात-पंजाबाकडच्या उत्तमोत्तम दुभत्या म्हशी आगगाडीनें मुंबईस येत. शहरांत जागा महाग, वैरण महाग. म्हैस आटली कीं तिला पुढच्या वेतापर्यंत पोसणें गोठेवाल्याला परवडत नसे. मग ती कसाईखान्याकडे जाई, आणि रेडकूं बहुधा उपासानें मरे. गोठेवाल्यानें प्रत्येक म्हैस दूध मोजूनच घेतलेली असे. त्याची निवड त्याच्या हिशेबानें चोख होती. पण माप एका वेताचें होतें. त्यामुळें जी म्हैस सर्वांत गुणी, तीच निर्वंश होई, आणि खेड्यांतला वाण मागें पडे. ज्याची निवड होते त्याचा वंश वाढावा हा उत्क्रांतीचा नियम. येथें निवड म्हणजेच मरण होतें. आज्ञावल्यांच्या गोठ्यांतहि एकच आंखूड माप लावणाऱ्याच्या हातीं अशीच विपरीत संतति येते.

म्हणून अलीकडे एकाऐवजीं दोन परीक्षक नेमण्याची रीत पडली आहे. कानपूरच्या आय्. आय्. टी.मध्यें कल्याणमय देब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००२ सालीं तिची एक अशी पद्धत प्रसिद्ध केली कीं ती आज जगभर चालते. दोन मापें बेरीज करून एकत्र करावयाचीं नाहींत. गणितांत पहिला एक, भाषेंत पहिला दुसरा. ज्या मुलाहून दुसरा कोणीहि दोन्ही विषयांत सरस नाहीं असे जितके निघतील तितके सगळे वरच्या रांगेंत बसवावयाचे. शेवटीं हातांत एक उत्तर येत नाहीं, अनेक येतात, आणि त्यांतून माणसाला निवडावें लागतें. या माणसावर सोंपविलेल्या शेवटच्या निवडीमुळें ही पद्धत मला प्रामाणिक वाटते.

याच पद्धतीनें बंद्योपाध्यायबाईंनीं उज्ज्वल मौलिक आणि अनिर्बान मुखोपाध्याय यांच्यासह आपल्या मुंबईचेंच चित्र तपासलें. तो लेख २००७ सालीं प्रसिद्ध झाला. १९८८ सालीं सोडलेल्या भारतीय दूरसंवेदन उपग्रहानें टिपलेलें तें चित्र. त्यांतला एक एक ठिपका जमिनीवरच्या सुमारें छत्तीस मीटर लांब-रुंद चौकोनाचा. प्रत्येक ठिपक्याचे चार अंक : निळा, हिरवा, तांबडा, आणि चौथा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचा, ज्यांत हिरवा पाला लखलखीत उमटतो. येथें उत्तरें आधीं कोणीं सांगितलीं नव्हतीं. आज्ञावल्यांनीं ठिपक्यांचे गट पाडावयाचे. एका गटांतले ठिपके एकमेकांशीं जुळते असावेत आणि गट परस्परांपासून दूर असावेत, या भोंवतीं दोन्ही मापें बेतलेलीं होतीं. सात गट पडले. त्यांना नांवें मागाहून माणसांनीं दिलीं : काँक्रीट, वस्ती, झाडी, मोकळी जागा दोन प्रकारची आणि गढूळ पाणीहि दोन प्रकारचें. गोदीचे धक्के समुद्रांत शिरलेल्या बोटांसारखे स्पष्ट दिसले, आणि आपण ज्याला सरसकट अरबी समुद्र म्हणतों तो यंत्राच्या दृष्टीनें दोन रंगांचा निघाला. शहराचें नांवहि ठाऊक नसलेल्या अंकांच्या माळांनीं हें करावें, याचें मला खरोखर कौतुक वाटतें.

आतां हीच दृष्टि कोणीं आमच्या आरेकडे वळविली तर काय होईल याचा विचार करा. सुमारें १२८७ हेक्टरांची ही वसाहत. तींत गोठे आहेत, वारल्यांचे पाडे आहेत, कुरणें आहेत, बिबट्यांचा वावर आहे. ४ ऑक्टोबर २०१९ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें आरेला वन ठरविण्याच्या मागणीचे अर्ज फेटाळले, त्याच रात्रीं मेट्रोच्या कारशेडसाठीं झाडें पडूं लागलीं, आणि सर्वोच्च न्यायालयानें ७ तारखेस तोड थांबविण्यास सांगितलें तोंवर दोन हजारांवर झाडें गेलीं होतीं. त्यानंतर राज्य सरकारनें आरेचा आठशें एकरांहून अधिक भाग राखीव वन केला. त्या वादांत दोन्ही पक्षांकडून उपग्रहाचीं हिरवीं चित्रें मला लोकांनीं दाखविलीं, आणि 'यंत्रच सांगतें' असें म्हटलें. यंत्र तसें कांहींहि सांगत नाहीं. त्यानें ज्या गटाला माणसांनीं 'झाडी' हें नांव दिलें तो अवरक्त प्रकाशाचा एक आंकडा आहे. 'वन' हा कायद्यांतला शब्द आहे, आणि पाड्यावरच्या म्हातारीला त्या जागेबद्दल जो शब्द ठाऊक आहे तो तिसराच. आज्ञावलीच्या पिढ्या कितीहि वाढविल्या तरी पहिल्यांतून दुसरा निपजत नाहीं, कारण तो परीक्षेंत विचारलेलाच नसतो. आणि जर कोणीं उत्तरसूचींत कुरणाला 'मोकळी जागा' असें लिहून ठेवलें, तर उत्क्रांत झालेली प्रत्येक आज्ञावली तें अगदीं बिनचूक 'मोकळी जागा' म्हणूनच ओळखील, आणि तिला शंभर गुण मिळतील.

छत्तीस मीटरांच्या एका चौकोनांत आरेंत काय काय मावतें तें मीं पायांनीं मोजून पाहिलें आहे. अर्धा गोठा, दोन जांभळी, एक अंगण, भाताचा तुकडा आणि मधून जाणारी पायवाट. यंत्र त्या सर्वांचें मिळून एकच उत्तर देतें. पावसाळा सरतांना गवत आणि झाडी दोन्ही हिरवीं असतात. मे महिन्यांत गवत पिवळें पडतें आणि जांभूळ हिरवेंच राहतें. भर पावसाळ्यांतलें चित्र तर ढगांमुळें बहुधा मिळतच नाहीं. तेव्हां उत्तरसूची तयार करणाऱ्यानें वर्षांतून दोन वेळां तरी, एकदा उन्हाळ्यांत आणि एकदा दसऱ्याच्या सुमारास, तेथें चालत गेलें पाहिजे. त्याच्या वहींत पाड्याचें नांव, झाडाची जात, गवताची उंची आणि तारीख एवढें असावें, आणि ही सूची कोणत्या प्रश्नासाठीं केली आहे तें पहिल्या पानावर लिहिलेलें असावें.